असईची हार गनिमी कावा सोडल्यामुळे झाली का?

प्रश्न : असईची लढाई आमच्याच जिल्ह्यातली. मराठ्यांनी गनिमी कावा सोडून फिरंगी कवायत धरली म्हणून ते हरले, असे सांगतात. हे खरे का?
— एक वाचक, टेंभुर्णी (जि. जालना)

उत्तर : मला हे मुळीच पटत नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी इंग्रजांच्या नाकी नऊ आणले ते याच कवायती पायदळाने आणि तोफखान्याने.

दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांची फौज केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात उभी होती. केळणेला इथे उतार नाही, असे वाटाड्यांनी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीला सांगितले. पण दोन्ही काठांवर समोरासमोर गावे दिसली, तेव्हा ये-जा होतच असणार हे त्याने ताडले आणि तिथूनच नदी ओलांडली. बगलेवर अचानक तुटून पडायचा त्याचा बेत होता. शिंद्यांचा हॅनोव्हरी सेनानी पोलमन याने मात्र ऐनवेळी सगळे पायदळ काटकोनात वळवून त्याच्यासमोर उभे केले. शत्रू अंगावर येत असताना असे वळणे ऐऱ्यागैऱ्या फौजेला जमत नाही. महादजी शिंद्यांनी डी बॉयन या फिरंगी सेनानीकरवी घडवलेली शिस्त ती हीच.

मराठी तोफांनी इंग्रजांचे गोलंदाज आणि तोफा ओढणारे बैल टिपले. वेलस्लीला तोफा मागे टाकून संगिनींवर भिस्त ठेवावी लागली. इंग्रजांची रांग तोफांवरून पुढे गेली, तेव्हा मेल्याचे सोंग घेऊन पडलेले आपले गोलंदाज उठले, त्यांनी तोफा फिरवल्या आणि पाठीमागून मारा सुरू केला. इंग्रजांकडचे दीड हजारांहून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले.

मग हरलो का? कंपनीने जाहीरनामा काढून शिंद्यांच्या चाकरीतले इंग्रज अंमलदार आधीच फोडले होते. त्यांची जागा घेतील असे आपले अंमलदार तयारच केलेले नव्हते. हजारोंचे घोडदळ असूनही ते लढाईत जवळजवळ उतरलेच नाही. पायदळ एकाकी झुंजले.

गनिमी कावा निकामी झाला होता असेही नाही. १८०४ मध्ये यशवंतराव होळकरांनी माघार घेणाऱ्या इंग्रज सेनानी मॉन्सनच्या फौजेची घोडदळाच्या बळावर दैना केली. असईला हवी होती दोन्हींची सांगड, आणि ती घालणारा एक हुकूम. तो द्यायला रणात कोणी धनी नव्हता.

९८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. पुढे वॉटर्लू जिंकूनही वेलस्ली आपली सर्वांत सरस लढाई म्हणून असईचेच नाव घेत असे.