रानडुकराच्या शिकारीची दुर्बीण : पट किती व फुली कोणती ?

रानडुकरांचा कळप एका रात्रींत उभ्या मक्याची अगर भुईमुगाची काय दशा करून टाकतो, हें शेतकरी बंधूंस सांगावयास नको. आमची हयात महसूल खात्यांत गेल्यामुळें अशा नुकसानीचे पंचनामे आमच्या हातांखालून पुष्कळ गेले आहेत. बंदोबस्ताची गोष्ट निघाली कीं रायफलीवर बसविण्याच्या दुर्बिणीची गोष्टही निघते, आणि 'जितके पट अधिक तितकी दुर्बीण चांगली' असें बहुतेक जण धरून चालतात. हा ग्रह कसा चुकीचा व प्रसंगीं घातक आहे, तें येथें दाखवावयाचें आहे.

प्रथम कायद्याची गोष्ट. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आपल्या देशांत शिकारीस बंदी आहे. पिकाचा नाश करणाऱ्या रानडुकरास मारावयाचें तर अधिकृत वनाधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्यांत पीकसंरक्षणासाठीं जी सोय आहे ती तोंडानें भरावयाच्या बंदुकीची आहे. तिचा पल्ला जवळचा. तिला नळीवरची माशी पुरते, दुर्बिणीचें प्रयोजन नाहीं. तेव्हां हा लेख वाचून कोणीं दुर्बीण घेण्यास धांवूं नये. परंतु परवानगी मिळून एखादा रायफलवाला शिकारी आपल्या शिवारांत आला, तर त्याच्या हत्याराची पारख शेतमालकास असावी. शेत त्याचें, आणि पलीकडच्या शेतांत जागलीस बसलेलीं माणसेंही त्याचींच असतात.

या विषयांत जर्मनीचें उदाहरण घेण्यासारखें आहे. तेथें शिकारीचा हक्क जमिनीच्या मालकीबरोबर चालतो. ७५ हेक्टर सलग जमीन असेल त्याचें शिकारक्षेत्र स्वतंत्र. त्याहून लहान खातेदारांची कायद्यानेंच एक मंडळी बनते, व तिचें सामाईक क्षेत्र साधारणतः निदान १५० हेक्टरांचें असावें लागतें. ही मंडळी शिकारीचा हक्क मक्त्यानें देते. पिकाच्या नुकसानीची भरपाई मूळ मंडळीवर असते. परंतु करारानें ती बहुधा मक्तेदाराच्या गळ्यांत पडते. मोठ्या खुरी जनावरांची शिकार रात्रीं करण्यास तेथें मनाई आहे, त्यांतून रानडुकराला मात्र वगळलें आहे. म्हणून मक्तेदार चांदण्यांत मचाणावर बसतो. त्याची दुर्बीण या कामासाठींच घडत आली, व तिजवर बहुधा '८×५६' असे आंकडे असतात.

पहिला आंकडा पटांचा : जनावर आठपट जवळ दिसतें. दुसरा पुढील भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरांत. दुसऱ्यास पहिल्यानें भागिलें म्हणजे डोळ्यापाशीं येणाऱ्या प्रकाशाच्या वर्तुळाचा व्यास निघतो. ५६ भागिले ८ बरोबर ७ मिलिमीटर. काळोखांत तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली जवळजवळ इतकीच उघडते, म्हणून हें माप ठरलें. पन्नाशीनंतर ती बहुधा पांचाच्या आसपासच उघडते. अशा गृहस्थास ८×४२ ची दुर्बीण, जिचें वर्तुळ सव्वापांच भरतें, बहुतेक तितकाच उजेड देईल. आणि वजन व किंमत दोन्ही कमी. उलट त्याच ४२ च्या भिंगास बारा पट केले तर वर्तुळ साडेतीनवर येतें. जनावर मोठें दिसतें खरें, पण अंधुक. पट वाढविले आणि भिंग तेंच ठेविलें, तर उजेड घटणार, हा हिशेब कोणत्याही जाहिरातीनें बदलत नाहीं.

पटांबरोबर दुसरीही किंमत द्यावी लागते. आठपटीच्या दुर्बिणींतून १०० मीटरांवर सुमारें ४ ते ५ मीटर रुंदीचाच पट्टा दिसतो. एकपटीवर तो ३० मीटरांहून अधिक असतो. हाताचा कंपही तितक्याच पटींनीं वाढून दिसतो, व नेमधारी घाबरून चाप ओढतो. मचाणावरून बहुतेक बार शंभर मीटरांच्या आंतले असतात. तेथें सहा ते आठ पट पुरेसे. हांका करून जनावरें उठवितात तेव्हां डुक्कर धांवत व जवळून जातें. तेथें जर्मन शिकारी १ ते ४ पटांची, २४ मिलिमीटर भिंगाची दुर्बीण घेतो व दोन्ही डोळे उघडे ठेवितो. पट कमीजास्त होणारी दुर्बीण असेल, तर ती नेहमीं कमी पटांवर लावून ठेवावी. पट वाढविण्यास वेळ सांपडतो. जखमी डुक्कर अंगावर आलें असतां कमी करण्यास सांपडत नाहीं, आणि त्या वेळीं दुर्बिणींत नुसते केंसच दिसतात.

आतां फुली. मोजणीच्या दुर्बिणींत नेम धरण्यासाठीं जशा आडव्या-उभ्या तारा असतात, तशीच ही. बारीक तारांची फुली दिवसां सुबक दिसते. संध्याकाळीं काळ्या डुकराच्या अंगावर ती नाहींशी होते. जर्मनींत 'चार नंबर' म्हणून जी फुली चालते, तींत डावी, उजवी व खालची अशा तीन बाजूंस जाड पट्ट्या, आणि मध्यभागीं व वर बारीक रेघ असते. बारीक रेघ दिसेनाशी झाली तरी तीन पट्ट्या डोळ्यास मध्यावर आणून सोडतात. पुष्कळ रेघा व आंकडे असलेली फुली लांबच्या नेमासाठीं आहे. शेताच्या बांधावर तिनें गोंधळच वाढतो. मध्यें तांबडा प्रकाशबिंदु असल्यास रात्रीं तो अगदीं मंद ठेवावा, नाहीं तर त्याच्या झगझगाटांत जनावरच लोपतें. कमीजास्त पटांच्या दुर्बिणींत आणखी एक विचारून घ्यावें : पट वाढले कीं फुलीही वाढते, कीं तेवढीच राहते ? वाढणारी असेल तर तिनें अंतराचा अंदाज सर्व पटांवर सारखाच येतो. दोन पट्ट्यांमधील फट १०० मीटरांवर ७० सेंटिमीटर असेल, तर ५० मीटरांवर ती ३५ धरावी.

दुर्बीण डोळ्यापासून सुमारें नऊ सेंटिमीटर दूर बसवावी; जवळ बसविल्यास रायफलीच्या धक्क्यानें भुंवई फुटते. तिकडील दुर्बिणींत फिरकीची एक टकटक म्हणजे बहुधा १०० मीटरांवर एक सेंटिमीटर. गोळी सहा सेंटिमीटर खालीं लागली, तर सहा टकटक वर. रायफल पडली अगर आपटली, कीं निशाणावर पुन्हां पडताळा घ्यावा.

दुर्बिणीनें जें साधत नाहीं, तेंही सांगितलें पाहिजे. झुडुपांत काय हालतें तें शोधण्यास तिचा उपयोग कधींही करूं नये. जिकडे ती वळते तिकडे नळीही वळते, आणि हालणारा कदाचित् माणूस असेल. शोधण्यास हातांतली निराळी दुर्बीण असावी. तिनें आधीं पहावें कीं डुक्कर तेंच का, तें पिलांची आई तर नव्हे. पिलें स्वतंत्र होईपर्यंत त्यांना पोसणाऱ्या मादीस मारणें जर्मन कायद्यास मान्य नाहीं. आणि जनावराच्या पाठीमागें काय आहे ? रायफलीची गोळी कित्येक किलोमीटर जाते. मचाणाचा खरा गुण हाच कीं वरून खालीं मारलेली गोळी मातींत शिरते. सपाटीवरून मक्यांत मारलेली कोठें थांबेल याचा नेम नाहीं.

सारांश, मचाणावर सहा ते आठ पट, हांक्यांत एक ते चार, फुली जाड व साधी, आणि भिंग आपल्या वयाच्या डोळ्यास साजेल तेवढें. बार काढण्यापूर्वी पाठीमागची माती दिसली नाहीं, तर रायफल खालीं ठेवावी, व ती खालीं ठेवण्यास सांगण्याचा हक्क शेतमालकानें सोडूं नये. गेलेल्या पिकाचा पंचनामा होऊन कांहीं तरी पदरांत पडतें. गेलेल्या माणसाची भरपाई कोणत्याही दप्तरांत नाहीं.