हत्तीपाय रोग : लोक काय म्हणतात व खरे काय



माझ्या आजीचा उजवा पाय खूप सुजलेला आहे. तिला चप्पल येत नाही. लग्नाला चल म्हटले तर म्हणते, "लोक पायाकडंच पाहतात, मी नाही येत." गुरुजींनी गावातील एखाद्या रोगाची माहिती गोळा करायला सांगितली, तेव्हा मी हाच रोग घेतला. आधी आमच्या गल्लीत घरोघरी विचारले. मग गुरुजींना व आशाताईंना विचारले. आजीला विचारूनच तिच्याबद्दल लिहीत आहे.

लोक काय म्हणतात

आजी म्हणाली, "रोवणीच्या चिखलात जन्म गेला, त्यानंच पाय सुजला." शेजारच्या काकू म्हणाल्या, "कोणाचा तरी उतारा ओलांडला असन." आबा म्हणाले, "आमच्या घराण्यातच हाय हा रोग." एक मावशी हळूच म्हणाली, "आजीच्या ताटात जेवू नको, तुले बी होईन." आजीने ते ऐकले. त्या दिवशी ती कोणाशीच बोलली नाही.

खरे काय आहे

हत्तीपाय रोग दोऱ्यासारख्या बारीक जंतामुळे होतो. तो जंत क्युलेक्स जातीचा डास पसरवतो. हा डास गटार, डबके, संडासाची टाकी अशा घाण पाण्यात वाढतो. रोगी माणसाला तो चावला की रक्ताबरोबर जंताची पिल्ले त्याच्या पोटात जातात. दहा-पंधरा दिवसांत ती तयार होतात. मग तोच डास दुसऱ्याला चावला की ती त्याच्या अंगात शिरतात. मोठे जंत आपल्या अंगातील रसवाहिन्यांत कित्येक वर्षे राहतात व लाखो पिल्ले रक्तात सोडतात. रसवाहिन्या बिघडल्या की पाय सुजतो.

म्हणून हा रोग शिवल्याने होत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही, करणीनेही होत नाही. एका घरात पुष्कळांना होतो, कारण त्या घरातल्या सर्वांना तेच डास चावतात. चिखलाने रोग होत नाही. पण सुजलेल्या पायाला जखम झाली तर चिखलातले जंतू आत जातात आणि पाय आणखी सुजतो. म्हणजे आजीचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते.

रात्रीच रक्त का घेतात?

आमच्या गल्लीत रात्री नऊ वाजता रक्त तपासणीचे काका आले होते. आबा रागावले, "रातच्याले रक्त कायले पायजे?" काही घरांनी दारच उघडले नाही. त्याचे कारण असे आहे. जंताची पिल्ले दिवसा फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत लपतात व रात्री कातडीजवळच्या रक्तात येतात. हा डासही रात्रीच चावतो. म्हणून रात्री बोटातून थेंबभर रक्त काचपट्टीवर घेतात.

डॉक्टरांचाही समज चुकला होता

१८७२ साली आपल्या देशात कोलकात्याला लुईस नावाच्या डॉक्टरांना माणसाच्या रक्तात ही पिल्ले दिसली. १८७७ साली चीनमध्ये मॅन्सन नावाच्या डॉक्टरांनी ती डासाच्या पोटात वाढताना पाहिली. पण डास पाण्यात मरतो व ते पाणी प्याल्याने रोग होतो, असे त्यांना वाटले. १९०० साली डासाच्या सोंडेत जंत सापडले आणि खरे कळले. गुरुजी म्हणाले, "समज चुकला तरी लाज नाही. तपासून पाहावे व सुधारावे."

रोग किती आहे?

आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात हा रोग आहे. गडचिरोली, भंडारा, गोंदिया, नागपूर इकडेही आहे. १९५५ सालापासून सरकार याविरुद्ध काम करीत आहे. २००० सालाच्या सुमारास जगात १२ कोटींहून अधिक लोकांच्या अंगात हा जंत होता. वर्षातून एकदा सर्वांनी गोळ्या घेण्याची मोहीम सुरू झाली आणि २०१८ साली हा आकडा सुमारे ५ कोटींवर आला.

माझी चूक

मागच्या मोहिमेत मी गोळ्या तोंडात धरल्या आणि पाण्याच्या टाकीमागे थुंकल्या. बाबांनी त्यांच्या गोळ्या फळीवर ठेवून दिल्या. ते म्हणाले, "मले काही झालंच नाही त गोळी कायले खाऊ?" गल्लीत पुष्कळ घरी हेच ऐकले.

पण पाय सुजायच्या कितीतरी वर्षे आधी जंत अंगात असतो. माणूस धडधाकट दिसतो आणि डास त्याच्याकडूनच रोग नेतो. पाय सुजल्यावर गोळीने पाय पहिल्यासारखा होत नाही. म्हणून गोळी धडधाकट माणसानेही खायची आहे.

या वेळी मी हे बाबांना सांगितले. आशाताईंसमोर त्यांनी डी.ई.सी.च्या तीन गोळ्या घेतल्या व मी दोन. अल्बेंडाझोलची एक-एक चावून खाल्ली. रात्री बाबांना ताप आला, डोके दुखले. काकू म्हणाल्या, "गोळी बाधली." आशाताई म्हणाल्या, "अंगात जंत असले तर ते मरताना असं होऊ शकतं, घाबरू नका." दुसऱ्या दिवशी ताप उतरला. बाबा बराच वेळ आपल्या पायांकडे पाहत बसले. मग म्हणाले, "पुढच्या वर्षी मी पहिला."

एवढे करा

१. गोळ्या जेवल्यावर, आशाताईंसमोरच खा. दोन वर्षांखालील मुले, गरोदर बाया व फार आजारी माणसे यांना गोळी देत नाहीत.
२. गटार वाहते ठेवा. डबकी बुजवा.
३. संडासाच्या पाइपाला जाळी बांधा.
४. मच्छरदाणीत झोपा.
५. सुजलेला पाय रोज साबणाने धुवा, बोटांच्या फटी कोरड्या करा, बसताना पाय उंच ठेवा.

आता आजीचा पाय मी रोज सायंकाळी धुऊन देते. तिच्या ताटातही जेवते. आज पालकांबरोबर आजीही शाळेत येणार आहे. तिला वाचता येत नाही, म्हणून हा लेख मीच तिला वाचून दाखवणार आहे. तुम्ही तिच्या पायाकडे पाहू नका, तिच्याशी बोला.

इयत्ता ४ थी