हिऱ्याच्या उंबऱ्यावरचे इलेक्ट्रॉन

प्रश्न : हिऱ्यातून वीज वाहत नाही, असं शाळेत शिकलो. मग त्याच्या पृष्ठभागावरून इलेक्ट्रॉन सहज बाहेर पडतात, हे कसं? अंगठीतल्या हिऱ्यातूनही पडतात का?

उत्तर : हिऱ्यातले इलेक्ट्रॉन कार्बनच्या बंधांत जखडलेले असतात. त्यांना मोकळं करायला सुमारे 5.5 इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते; सिलिकॉनला 1.1 पुरते. म्हणून तुम्ही शिकलात ते बरोबरच आहे. पण मोकळा झालेला इलेक्ट्रॉन पृष्ठभागाशी पोचला, की पुढचं सगळं तिथल्या अणूंच्या एका थरावर ठरतं.

एरवी बाहेर पडताना इलेक्ट्रॉनला उंबरा ओलांडावा लागतो. जुन्या टीव्हीचं बटण दाबल्यावर चित्र उमटायला वेळ लागे, कारण पिक्चर ट्यूबमधला कॅथोड तापल्याशिवाय इलेक्ट्रॉन सुटत नसत. हिऱ्यावर हायड्रोजनचा थर बसवला, की हा उंबराच उरत नाही. हायड्रोजनकडे किंचित धन आणि कार्बनकडे किंचित ऋण भार येतो, त्यामुळे मोकळ्या इलेक्ट्रॉनला बाहेर जायला चढाऐवजी उतार मिळतो. हिऱ्याच्या पृष्ठभागावर उंबरा नसू शकतो, हे संशोधक हिम्प्सेल आणि सहकाऱ्यांनी 1979 मध्ये मोजून दाखवलं. हायड्रोजनच्या जागी ऑक्सिजन आला, की उंबरा पुन्हा उभा. फरक डोळ्यांनाही दिसतो : हायड्रोजनच्या थरावर पाण्याचा थेंब फुगीर राहतो, ऑक्सिजनच्या थरावर पसरतो.

निर्वात नळ्यांसाठी कमी तापणारे कॅथोड, उष्णतेपासून थेट वीज, असे उपयोग त्यातून शोधले जात आहेत. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातला 2013 चा प्रयोग. रॉबर्ट हॅमर्स यांच्या गटाने पाण्यातल्या हिऱ्यावर अतिनील प्रकाश टाकला. इलेक्ट्रॉन थेट पाण्यात उतरले आणि त्यात विरघळलेल्या नायट्रोजनपासून अमोनिया तयार झाला, तोही साध्या तापमानाला आणि साध्या दाबाला! खत कारखान्यात याच कामासाठी 400 अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान आणि वातावरणाच्या शंभराहून अधिक पट दाब लागतो.

घोडं अडलंय ते इलेक्ट्रॉन दारापर्यंत आणण्यात. बोरॉन मिसळला की हिऱ्यातून वीज वाहते, पण ती इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागांमुळे. इलेक्ट्रॉन पुरवणारा फॉस्फरस हिऱ्यात मुश्किलीने मावतो, आणि मावला तरी साध्या तापमानाला आपला इलेक्ट्रॉन सहसा सोडत नाही.

आता तुमची अंगठी. 5.5 इलेक्ट्रॉन-व्होल्ट द्यायचे तर प्रकाशाची तरंगलांबी सुमारे 225 नॅनोमीटरपेक्षा कमी हवी. सूर्याचा तसा प्रकाश वरचं वातावरणच शोषून घेतं. तुमचा हिरा उन्हात चमकेल, पण त्यातले इलेक्ट्रॉन जागचे हलणार नाहीत.