'वैकुंठ' आणि 'तारण' : मराठी ख्रिस्ती परिभाषेतील एक प्रश्न

ख्रिस्ती धर्मशिक्षणात पाखंड शिरते ते बहुधा परिचित शब्दाच्याच आडून. फादर थॉमस स्टीफन्स यांनी 'ख्रिस्तपुराणा'त (१६१६) स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटले. शब्द जुना ठेवला, अर्थ मात्र कथनातून व श्रोत्यांच्या शंकांना दिलेल्या उत्तरांतून नवा घडविला. पंडिता रमाबाईंनी, याउलट, हिंदू तत्त्वज्ञानाचा गंध असलेले शब्दच आपल्या बायबल-भाषांतरातून वगळण्याचा आग्रह धरला. (ते समग्र रूपात त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.) हेतू निर्मळ, परंतु शब्द हद्दपार केल्याने भ्रम हद्दपार होतो काय?

वसईत घरी सामवेदी वा वाडवळी बोलणारा भाविक उपासनेत प्रमाण मराठीतील 'तारण' ऐकतो. पतपेढीत हाच शब्द गहाणासाठी आहे, हा योगायोग मार्मिक खरा. रोगमुक्तीची व भरभराटीची हमी देणारा उपदेशक, मग तो कोठलाही असो, नेमका तो व्यवहारच पुढे करतो : अर्पण द्या, फळ घ्या. वचन तो बायबलमधलेच घेतो, पण सुटे. वसईच्याच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'सारख्या ग्रंथात ते मागच्यापुढच्या मजकुरासह वाचले, की निरपराध असूनही सर्वस्व गमावलेला ईयोब आडवा येतो. त्या उपदेशात ईयोबाला जागा नसते.