मधुमेहावरील गोळ्या : गुणदोषांचा तौलनिक विचार

सुरतेच्या उधना व लिंबायत या भागांत यंत्रमागांवर राबणारी अनेक कुटुंबे मूळची खानदेशातील आहेत. लांबलचक पाळ्या, रात्रीचे जागरण व जेवणाच्या अनियमित वेळा हा अशा कष्टकऱ्यांचा नित्यक्रम असतो. त्यांपैकी एखाद्यास मधुमेह जडल्यास केवळ ‘साखरेची गोळी घ्या’ एवढे सांगून भागत नाही. गोळी कोणती, हा प्रश्न त्याच्या जिवाशी निगडित असतो.

दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात शरीरात इन्शुलिन तयार होते, परंतु त्याचा प्रभाव अपुरा पडतो. पुढे त्याची निर्मितीही घटत जाते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. त्यावरील प्रमुख गोळ्या पुढीलप्रमाणे होत.

मेटफॉर्मिन : १९५७ पासून वापरात असलेले हे औषध यकृतातील साखरेची निर्मिती कमी करते. हे एकटे घेतल्यास साखर सहसा धोकादायक पातळीपर्यंत उतरत नाही, वजन वाढत नाही व खर्चही अल्प येतो. मळमळ किंवा जुलाब झाल्यास ते जेवणासोबत घ्यावे. मूत्रपिंडे फार बिघडली असल्यास ते वर्ज्य आहे.

सल्फोनिलयुरिया : ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड व ग्लिक्लाझाइड ही या वर्गातील औषधे. फ्रान्समध्ये १९४२ साली विषमज्वराच्या रुग्णांना दिलेल्या एका सल्फा औषधाने त्यांची साखर घसरल्याचे आढळले. त्यातून या वर्गाचा शोध लागला. या गोळ्या स्वस्त व परिणामकारक आहेत. तथापि, रुग्ण जेवला असो वा नसो, त्या स्वादुपिंडाकडून इन्शुलिन स्रवून घेतात. त्यामुळे पाळीच्या घाईत जेवण चुकले किंवा एकादशीचा उपवास घडला, तर साखर एकाएकी घसरते. हा धोका ग्लिबेनक्लामाइडमध्ये विशेष असतो.

ग्लिप्टिन : सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन इत्यादी औषधे मुख्यतः जेवणानंतर इन्शुलिन वाढवितात. त्यामुळे साखर घसरण्याचा धोका कमी राहतो. सिटाग्लिप्टिनचे एकस्व २०२२ साली संपल्याने त्याची किंमत पुष्कळ उतरली.

ग्लिफ्लोझिन : डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधे साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. हृदय व मूत्रपिंडाच्या विकारांत त्यांचा विशेष लाभ होतो. मात्र जननेंद्रियाच्या जागी बुरशीजन्य संसर्ग होऊ शकतो. उष्ण कारखान्यात काम करणाऱ्याने पाणी पुरेसे प्यावे. उलट्या, जुलाब किंवा दीर्घ उपवास असल्यास गोळी थांबविण्याविषयी डॉक्टरांस त्वरित विचारावे.

साखर घसरल्यास : दरदरून घाम, हातांस कंप, धडधड व भोवळ ही लक्षणे होत. अशा वेळी तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून तत्काळ प्यावी, पंधरा मिनिटांत आराम न पडल्यास पुन्हा घ्यावी व नंतर जेवावे. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात काहीही घालू नये. तिला तातडीने रुग्णालयात न्यावे. सल्फोनिलयुरियामुळे साखर घसरली असल्यास ती काही तासांनी पुन्हा घसरू शकते, म्हणून बरे वाटले तरी डॉक्टरांस दाखवावे.

सारांश, सर्वांस सारखीच उत्तम अशी गोळी नाही. रुग्णाने आपली पाळी, उपवास व जेवणाच्या वेळा डॉक्टरांस आवर्जून सांगाव्यात आणि शेजाऱ्याची गोळी पाहून आपली बदलू नये. शिक्षकांनी व ग्रामसेवकांनी एवढी गोष्ट घरोघर पोहोचविली तरी अनेक अनर्थ टळतील.