संकासुराचा आवाज कुठे गेला?

चि. सोनूस,


तू पाठवलेली जत्रेतल्या दशावताराची फाइल ऐकली. हेडफोन लावले की सगळं ऐकू येतं, आणि ताईच्या फोनवर लावलं की संकासुर नुसते हातवारे करतो, अशी तुझी तक्रार. रेकॉर्डर बिघडला असं धरून तू नवीन घ्यायला निघाली आहेस. तो विचार सोड. रेकॉर्डर ठणठणीत आहे आणि आवाजही गेलेला नाही.

झालंय ते असं. मंडपवाल्याच्या मिक्सरमधून आवाज तीन तारांनी बाहेर पडतो. एक तार अर्थची. उरलेल्या दोन तारांत आवाज एकच, पण एकीत सुलटा आणि दुसरीत उलटा. लांब केबलमध्ये वाटेत जो खरखराट शिरतो तो दोन्ही तारांत सारखाच शिरतो. पुढचं यंत्र दोघींची वजाबाकी करतं. त्यात खरखर उडते आणि आवाज दुप्पट होऊन हाती येतो. तू ही केबल साध्या स्टिरिओ पिनेवर घेऊन रेकॉर्डरच्या छोट्या भोकात खोचलीस. त्याने वजाबाकी केलीच नाही. एका तारेने डावा कान धरला, दुसरीने उजवा. म्हणून हेडफोनमध्ये आवाज येतो, पण जरा विचित्र, डोक्यामागून कुणी बोलल्यासारखा. एकाच स्पीकरवर दोन्ही बाजूंची बेरीज होते, आणि सुलटा अधिक उलटा म्हणजे शून्य.

ऑडॅसिटीत फाइल उघड, स्टिरिओ ट्रॅकचे दोन मोनो ट्रॅक कर, एक काढून टाक. उरलेला ट्रॅक पूर्ण आणि स्वच्छ आहे. मूळ फाइल मात्र तशीच ठेव, बदल तिच्या कॉपीवर कर. पुढच्या वेळी मिक्सरची लाइन कॅनन पिनेच्या केबलने रेकॉर्डरच्या मोठ्या भोकात घे आणि तिथे ‘लाइन’ निवड, ‘माइक’ नव्हे. माइकमधून काही मिलिव्होल्ट येतात, मिक्सरमधून व्होल्टाच्या आसपास. माइकच्या जागी लाइन घेतलीस तर आवाज फाटेल, आणि फाटलेला आवाज कुठल्याही सॉफ्टवेअरने धड शिवता येत नाही. फॅन्टम पॉवर, म्हणजे रेकॉर्डरकडून माइकला उलट जाणारे ४८ व्होल्ट, त्या लाइनवर बंद असलेच पाहिजेत. मिक्सरला त्यांची गरज नाही. ते लागतात कंडेन्सर माइकला.

तू आवाजाला पहिला मान द्यावास असं मी पुन्हा पुन्हा का म्हणतो, ते नीट सांगतो. दशावतारात आख्यान ठरतं, कोण कुठलं पात्र करणार ते ठरतं, पण संवाद लिहिलेले नसतात. नट ते बाकड्याभोवती उभ्या उभ्या रचतो. त्या रात्री राजाने राणीला काय सुनावलं ते कुठल्याही वहीत नाही आणि उद्याच्या जत्रेत तेच आख्यान लागलं तरी शब्द वेगळे असतील. नाटकाचं चित्रण बिघडलं तर निदान संहिता हातात राहते. इथे तुझं रेकॉर्डिंग हीच संहिता. चित्र थोडं अंधारं आलं तर मी वाईट वाटून घेणार नाही, शब्द गेले तर मात्र फार वाईट वाटेल. कॅमेऱ्यासाठी पैसे जमवतेस ते ठीक, पण त्याआधी कान पूर्ण झाकणारे चांगले हेडफोन घे आणि रेकॉर्डिंग चालू असताना ते काढू नकोस. रेकॉर्डरच्या पडद्यावरची हिरवी पट्टी नाचते म्हणून निर्धास्त राहू नकोस. ती पट्टी घरघरीवरही नाचते.

घरघर येतेच. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे तो खालच्या पट्टीतला सूर तुला एकदा ओळखता आला की आयुष्यभर ओळखशील. बहुतेक वेळा कारण एकच असतं. मिक्सरचा अर्थ एका जागी, रेकॉर्डरला जोडलेल्या तुझ्या लॅपटॉपच्या चार्जरचा दुसऱ्या जागी, आणि केबलने दोघांना जोडून एक वेटोळं तयार झालेलं. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालव. घरघर थांबली तर चोर सापडला. त्याच कारणासाठी रेकॉर्डर नेहमी बॅटरीवर चालव. मध्यरात्री वीज जाऊन जनरेटर सुरू होतो तेव्हाही तुझं यंत्र बंद पडत नाही, हा त्यातला दुसरा फायदा. तरीही घरघर राहिली तर मध्ये एक छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लाव. त्यात तार तारेला टेकतच नाही, आवाज चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो.

आता जे लिहितो ते दोनदा वाच. घरघर घालवायला कुणी थ्री-पिनची अर्थची पिन काढून टाकायला सांगेल. खरोखर घरघर जाते, म्हणूनच हा सल्ला गावोगाव चालतो. तो कधीही ऐकू नकोस आणि दुसऱ्या कुणी पिन काढलेली दिसली तर तिथे आपली केबल जोडू नकोस. नट अनवाणी असतो, अंगणात पाणी मारून धूळ बसवलेली असते, पहाटेचं दव पडलेलं असतं, आणि माइक त्याच्या हाताशी, ओठांशी असतो. मिक्सरच्या आत एक तार सुटली आणि त्याच्या खोक्यात करंट उतरला, तर त्याला जमिनीत न्यायला अर्थ नाही. मग तो नटाच्या अंगातून जाईल. रेकॉर्डिंगमधली घरघर सहन कर, पण ही जोखीम घेऊ नकोस. मंडपवाल्याशी या एका गोष्टीवर भांडण झालं तरी चालेल.

एरवी त्याच्याशी गोडीनेच वाग. रात्रभर शिट्टी न येऊ देता माइक चालवणं हे कष्टाचं काम आहे आणि त्याचं पहिलं देणं समोरच्या प्रेक्षकांना आहे. पखवाजावर थाप पडायच्या खूप आधी जा, आपली केबल आपण ने, तो जागा देईल तिथूनच लाइन घे, आणि त्याच्या बटणांना हात लावू नकोस. मोठ्या पी-३८ आणि छोट्या ई.पी. पिनांचे दोन-चार अडॅप्टर जवळ ठेव.

मात्र मिक्सरच्या लाइनवर सगळा भार टाकू नकोस. त्यात येतं तेवढंच, जेवढं माइकसमोर आहे. पायपेटीसमोर माइक असतो, झांज बिनमाइकचीच गाव गाजवते, आणि लोकांचं हसणं त्या लाइनमध्ये येतच नाही. संकासुर मालवणीत बोलतो आणि गाव हसतं, यातलं गाव गेलं तर उरतं काय? म्हणून आपला एक माइक समोर स्टँडवर लाव, भोंग्याच्या तोंडापासून दूर, आणि तो वेगळ्या ट्रॅकवर घे.

पातळी लावताना आपोआप आवाज सांभाळणारी सोय बंद कर. ती शांतता आली की आवाज चढवते, मग स्त्रीपात्र दबक्या स्वरात रडत असतं तेव्हा जनरेटरची धडधड वर येते, आणि झांज वाजली की सगळंच दाबून टाकते. पातळी हाताने लाव. सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास पोचावा. सुरुवातीच्या गणपतीच्या वेळी लावलेली पातळी युद्धाच्या प्रसंगाला पुरत नाही, तिथे पायपेटी, पखवाज, झांज आणि नटांची आरोळी एकदम येते. म्हणून सुरुवातीला आवाज कमी वाटला तरी राहू दे. २४ बिटवर रेकॉर्ड केलंस तर नंतर वाढवता येतो.

४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ, असं तासाला साधारण १ जीबी लागतो. आख्यान उजाडेपर्यंत चालतं. रेकॉर्डर मध्येच नवीन फाइल सुरू करेल, घाबरू नकोस, जुन्या पद्धतीच्या कार्डावर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जाऊच शकत नाही.

चित्राबद्दल थोडक्यात. दिवे वीजप्रवाहाबरोबर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. फोन ३० फ्रेमवर असेल तर पडद्यावरून काळे पट्टे सरकताना दिसतात. २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेव, बरेचसे जातील. जनरेटरवर थोडे परत येतील, कारण त्याचे ५० हर्ट्झ घड्याळासारखे नसतात. दिव्यांच्या तोरणांच्या माळा चौकटीबाहेर ठेव.

आवाज आणि चित्र जुळवायला झांजेचा पहिला ठोका धर, टाळीपेक्षा तो स्वच्छ दिसतो. एक गोष्ट लक्षात ठेव. कॅमेरा गर्दीच्या मागे असेल तर त्याच्यापर्यंत आवाज उशिरा पोचतो. १४ मीटरला एक फ्रेम एवढा हिशेब. शिवाय कॅमेरा आणि रेकॉर्डर यांची घड्याळं अगदी सारखी चालत नाहीत, तासाभरात काही फ्रेमांचा फरक पडू शकतो. तेव्हा शेवटी पुन्हा एक ठोका बघून जुळव. फोनवर चित्रण केलं असेल तर फ्रेमचा वेग सतत बदलता असतो. संपादनाआधी हँडब्रेकमधून तो एकसारखा करून घे, नाहीतर पहाटेपर्यंत ओठ आणि शब्द दूर गेलेले दिसतील.

काही बिघडलं तर एका वेळी एकच गोष्ट बदल. आधी केबल, मग पिन, मग भोक, मग माइक. केबल हलवली की खरखर येते? पिनेजवळचं डाग दिलेलं सुटलंय. तिथल्या तिथे त्या केबलला लाल चिकटपट्टी लाव, पहाटे घरी गेल्यावर ती कुठली होती ते आठवत नाही. टिर्र-टिर्र आवाज आला तर फोन रेकॉर्डरच्या शेजारी आहे. फ्लाइट मोडवर टाक आणि लांब ठेव.

बॅटरी संपून कॅमेरा अचानक बंद पडला आणि फाइल उघडेना, तर कार्ड फॉरमॅट करू नकोस, त्यावर दुसरं काही घेऊ नकोस. चित्र-आवाज बहुधा कार्डावर असतात. त्यांची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते, तेवढी राहिलेली असते. कार्ड त्याच कॅमेऱ्यात परत घाल, काही कॅमेरे स्वतःच दुरुस्त करतात. नाही झालं तर त्याच कॅमेऱ्याची एक धड फाइल सोबत ठेवून मला पाठव, तिच्या आधाराने तुटलेली फाइल जोडता येते. आणि कितीही झोप आली असली तरी दोन ठिकाणी कॉपी झाल्याशिवाय अंथरुणाला पाठ टेकू नकोस.

कंडेन्सर माइक दवात ओला झाला की तडतडतो. त्याला फोमची टोपी आणि वर आडोसा, पिशवीत सिलिका जेल. लेन्सला बुरशी पावसाळ्यात लागते, त्याबद्दल जूनमध्ये लिहीन.

प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला तुझ्या आवाजात तारीख, गाव, देवळाचं नाव, दशावतारी कंपनीचं नाव आणि आख्यान सांग. फाइलचं नाव बदलतं, फोल्डर हरवतं, पण आत बोललेलं आतच राहतं. आणि कंपनीच्या मालकांना आधी विचार. पूर्ण आख्यान इंटरनेटवर टाकणार असशील तर ते स्पष्ट सांगून विचार. ही माणसं जत्रांच्या हंगामावर पोट भरतात, आणि त्यांनी रात्रीत रचलेले शब्द त्यांचे आहेत. काहीजण नको म्हणतील. मग एक प्रत त्यांना द्यायची, एक आपल्याकडे जपून ठेवायची आणि बाहेर काही काढायचं नाही.

कॅनन पिनेची दहा मीटरची केबल आणि ट्रान्सफॉर्मर एसटीच्या पार्सलने पाठवतोय, कुडाळ स्टँडवरून घे. पुढच्या जत्रेआधी घरी मिक्सर नसला तरी टीव्हीच्या आवाजावर एकदा सगळी जोडणी करून बघ, आणि ती फाइल मला पाठव.

ताईला नमस्कार.

तुझा
मामा