सार्वजनिक कर्ज, जबाबदार खर्च आणि न्याय्य करप्रणाली

केंद्र सरकारच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात एकूण खर्चाचा अंदाज ५०.६५ लाख कोटी रुपये होता. त्यापैकी १२.७६ लाख कोटी रुपये, म्हणजे सुमारे एक-चतुर्थांश रक्कम, जुन्या कर्जावरील व्याजासाठी होती. रस्ते, रेल्वे, संरक्षण सामग्री इत्यादींसाठीचा भांडवली खर्च त्याच वर्षी ११.२१ लाख कोटी रुपये अंदाजिला होता. नव्या मत्तेच्या निर्मितीपेक्षा मागील कर्जाच्या व्याजाचा भार मोठा, ही वस्तुस्थिती सार्वजनिक कर्जाच्या प्रश्नाचे गांभीर्य स्पष्ट करण्यास पुरेशी आहे.

हा प्रश्न केवळ हिशेबाचा नाही. भारत सरकारचे बहुतांश कर्ज देशांतर्गत आहे आणि सरकारी रोख्यांचे प्रमुख धारक बँका, विमा कंपन्या, भविष्यनिर्वाह निधी व रिझर्व्ह बँक हे आहेत. व्याजाचा पैसा देशातच राहतो, हे खरे. परंतु तो करदात्याकडून बचतदाराकडे जातो. करांचा भार अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांवर अधिक असेल, तर ज्यांच्याकडे बचत नाही तेच बचत असणाऱ्यांचे व्याज भरतात. म्हणूनच कर्ज कमी करणे, खर्चाची शिस्त आणि करांची न्याय्यता या तीन गोष्टींचा विचार एकत्रितपणे करावा लागतो.

तुटीचे तीन प्रकार

कर्ज वगळता सरकारला मिळणारी एकूण प्राप्ती आणि एकूण खर्च यांतील फरक म्हणजे राजकोषीय तूट होय. २०२५-२६ साठी ती १५.६९ लाख कोटी रुपये, म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ४.४ टक्के अंदाजिली होती. महसुली खर्च महसुली प्राप्तीपेक्षा जितका अधिक, ती महसुली तूट. तिचा अंदाज ५.२४ लाख कोटी रुपये (१.५ टक्के) होता. राजकोषीय तुटीतून व्याज वजा केले की प्राथमिक तूट मिळते, ती २.९३ लाख कोटी रुपये (०.८ टक्के) होती.

या आकड्यांचा अर्थ असा की, त्या वर्षीच्या कर्जाऊ रकमेपैकी सुमारे एक-तृतीयांश भाग वेतन, निवृत्तिवेतन, अनुदाने, व्याज अशा चालू खर्चाकडे जाणार होता. धरण वा रेल्वेमार्ग बांधण्यासाठी काढलेले कर्ज भविष्यातील उत्पन्न वाढवू शकते. चालू खर्चासाठीचे कर्ज मात्र बहुधा पुढील पिढीवर केवळ बोजा ठेवते. यास्तव तुटीच्या आकाराइतकीच तिची गुणवत्ता महत्त्वाची ठरते.

कर्जाचे गणित

कर्जाचा भार त्याच्या रकमेवरून नव्हे, तर राष्ट्रीय उत्पन्नाशी असलेल्या प्रमाणावरून मोजतात. समजा, एखाद्या देशाचे उत्पादन १,००० कोटी रुपये व कर्ज ६०० कोटी रुपये, म्हणजे ६० टक्के आहे. चालू किमतींनुसार उत्पादन १० टक्क्यांनी वाढले आणि व्याजदर ७ टक्के असला, तर वर्षअखेरीस उत्पादन १,१०० कोटी होईल व व्याजासह कर्ज ६४२ कोटी होईल. प्राथमिक तूट शून्य असल्यास कर्जाचे प्रमाण ५८.४ टक्क्यांवर येईल. प्राथमिक तूट १८ कोटी असल्यास ते ६० टक्क्यांवर स्थिर राहील. ४० कोटी असल्यास ६२ टक्क्यांवर जाईल.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. वाढीचा दर व्याजदरापेक्षा अधिक असेल, तर थोडी प्राथमिक तूट असूनही कर्जाचे प्रमाण घटू शकते. मात्र वाढ मंदावली की तेच गणित उलटते. चांगल्या वर्षांत शिस्त न पाळणाऱ्या सरकारला वाईट वर्षांत खर्च वाढविण्यास वाव उरत नाही.

घटनात्मक व वैधानिक चौकट

राज्यघटनेच्या अनुच्छेद २९२ नुसार केंद्र सरकार भारताच्या संचित निधीच्या तारणावर, संसदेने कायद्याने मर्यादा घातल्यास त्या मर्यादेत, कर्ज काढू शकते. राज्यांसाठी अनुच्छेद २९३ मध्ये तरतूद आहे. तथापि दीर्घकाळ अशी मर्यादा घातली गेली नाही. तूट भरून काढण्यासाठी रिझर्व्ह बँकेला तदर्थ कोषागार विपत्रे देण्याची पद्धत १ एप्रिल १९९७ पासून बंद झाली. त्यानंतर राजकोषीय उत्तरदायित्व व अर्थसंकल्प व्यवस्थापन अधिनियम, २००३ संमत झाला व ५ जुलै २००४ पासून अमलात आला. राजकोषीय तूट ३ टक्क्यांपर्यंत आणणे व महसुली तूट नाहीशी करणे ही त्याची उद्दिष्टे होती. १ एप्रिल २००६ पासून रिझर्व्ह बँकेने सरकारी रोखे प्राथमिक बाजारात खरेदी करण्यासही सर्वसाधारणपणे मनाई झाली.

राज्यांमध्ये कर्नाटकाने २००२ मध्ये असा कायदा सर्वप्रथम केला. महाराष्ट्राचा कायदा २००५ चा आहे. बाराव्या वित्त आयोगाने राज्यांची कर्जसवलत अशा कायद्याशी जोडल्याने या प्रक्रियेस गती मिळाली.

यश आणि मर्यादा

२००७-०८ मध्ये केंद्राची राजकोषीय तूट सुमारे २.५ टक्क्यांपर्यंत खाली आली. या यशाचे मोठे श्रेय करमहसुलाच्या वाढीस जाते. केंद्राचा सकल करमहसूल २००१-०२ मध्ये उत्पादनाच्या सुमारे ८.२ टक्के होता. २००७-०८ मध्ये तो ११.९ टक्क्यांच्या आसपास पोहोचला. परंतु याच काळात तेल व खत कंपन्यांना आणि भारतीय अन्न महामंडळाला अनुदानापोटी विशेष रोखे देण्यात आले. हा खर्च तुटीच्या आकड्यात दिसला नाही, तरी परतफेडीचे दायित्व निर्माण झालेच. कायद्यातील आकडा गाठणे आणि प्रत्यक्ष भार कमी करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा त्यातील धडा होय.

२००८-०९ मध्ये जागतिक मंदी, वेतन आयोग, शेतकरी कर्जमाफी व अनुदाने यांमुळे तूट सुमारे ६ टक्क्यांवर गेली. पुढे एन. के. सिंह समितीने जानेवारी २०१७ मध्ये कर्जाच्या प्रमाणालाच मुख्य निकष मानण्याची शिफारस केली. त्यानुसार २०१८ च्या दुरुस्तीने २०२४-२५ अखेर केंद्राचे कर्ज ४० टक्के व केंद्र-राज्यांचे एकत्रित कर्ज ६० टक्के असे लक्ष्य ठरविले. कोविड महासाथीच्या २०२०-२१ या वर्षात केंद्राची तूट ९.२ टक्क्यांवर गेल्याने हे लक्ष्य दूर राहिले. अन्न महामंडळाची अर्थसंकल्पाबाहेरील कर्जे अर्थसंकल्पात समाविष्ट करण्याचा स्वागतार्ह निर्णय मात्र याच सुमारास झाला.

करांची न्याय्यता

न्याय्य करप्रणाली म्हणजे केवळ चढे दर नव्हेत. १९७३-७४ मध्ये प्राप्तिकराचा कमाल दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. अशा दरांनी करचुकवेगिरीलाच उत्तेजन मिळाले. १९९७-९८ पासून १०, २० व ३० टक्के असे माफक दर आले. १९९०-९१ मध्ये केंद्राच्या करमहसुलात प्रत्यक्ष करांचा वाटा सुमारे एक-पंचमांश होता; २००७-०८ मध्ये तो निम्म्याहून अधिक झाला. २०२०-२१ मध्ये तो पुन्हा निम्म्याखाली गेला. महासाथीने घटलेली उत्पन्ने, २०१९ मधील कंपनी कराची कपात आणि इंधनावरील वाढीव उत्पादन शुल्क ही त्याची कारणे होत. २०२५-२६ साठी हा वाटा ५९ टक्के अंदाजिला होता.

अप्रत्यक्ष कर श्रीमंत व गरीब दोघांकडून वस्तूवर समान दराने घेतला जातो. म्हणून उत्पन्नाच्या प्रमाणात गरिबावर त्याचा भार अधिक पडतो. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा करात अनेक जीवनावश्यक वस्तूंना सूट वा कमी दर देण्यामागे हाच विचार आहे. करसवलतींमुळे बुडणाऱ्या महसुलाचे विवरणही २००६-०७ पासून अर्थसंकल्पासोबत दिले जाते. सवलत हाही एक प्रकारचा खर्चच असून तिचीही खर्चाइतकीच काटेकोर छाननी आवश्यक आहे.

पुढील दिशा

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पासोबत केंद्राने ३१ मार्च २०३१ पर्यंत कर्जाचे प्रमाण ५० टक्क्यांवर, एक टक्का कमी-अधिक, आणण्याचे लक्ष्य जाहीर केले. त्या वर्षअखेरीचा अंदाज ५६.१ टक्के होता. हे अंतर कापण्याचा सर्वांत सोपा मार्ग भांडवली खर्चाला कात्री लावण्याचा आहे. परंतु त्याने वाढ मंदावते आणि कर्जाचे प्रमाण पुन्हा चढते. शाळा, आरोग्य केंद्रे यांवरील खर्च हिशेबात महसुली गणला जात असला, तरी त्याची कपातही अंती महागच पडते. महसुली तूट घटविणे, अर्थसंकल्पाबाहेरील दायित्वे उघड मांडणे, अनुदाने गरजूंपर्यंतच पोहोचविणे आणि कराचा पाया रुंद करणे हा मार्ग कठीण आहे. तथापि आजच्या गरजा आणि उद्याच्या करदात्यांचे हित या दोहोंचा मेळ त्यानेच घातला जाऊ शकतो.